लाल दिव्याचा पट्टा आणि खुब्याचे दुखणे

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या बीड-परभणी भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: खुब्याच्या बाहेरच्या बाजूला जे दुखते ती हाडावरच्या गादीची सूज असते, लाल दिव्यांचा पट्टा रोज वीस मिनिटे बांधला की प्रकाश थेट हाडापर्यंत जातो आणि २१ दिवसांत दुखणे मुळासकट नाहीसे होते, व्यायाम करू नये, त्याने सूज वाढते, पट्टा कितीही वेळ ठेवला तरी अपाय नाही, आणि हे तंत्र नासाने शोधलेले व अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मान्य केलेले आहे. मी याच भागात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते आणि हा संदेश मला रुग्णांनीच दाखवला. प्रकाशोपचार हे थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही. लेझरचे यंत्र माझ्याकडेही आहे आणि काही रुग्णांवर मी ते वापरते. म्हणूनच या संदेशातले प्रत्येक विधान तपासून पाहावेसे वाटले.

पहिले विधान गादीच्या सुजेचे. खुब्याच्या बाजूला हाताला जे टणक हाड लागते त्याला नितंबाच्या मधल्या आणि लहान स्नायूंच्या कंडरा, म्हणजे टेंडन, येऊन जोडलेल्या असतात, आणि त्यांच्यालगत द्रवाच्या पातळ पिशव्या असतात. पूर्वी डॉक्टरही या दुखण्याला पिशवीची सूजच म्हणत, त्यामुळे संदेश लिहिणाऱ्याला एकट्याला दोष देता येत नाही. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८७७ रुग्णांची सोनोग्राफी तपासली असता पिशवीला सूज केवळ २० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत आढळली, तर कंडरेतला बिघाड जवळपास निम्म्यांमध्ये दिसला. हा फरक केवळ नावाचा नाही. सूज आहे असे मानले की ती उतरवण्याचे उपाय सुचतात. कंडरा कमकुवत झाली आहे असे कळले की तिच्यावर कोणता ताण येतो आणि ती तो किती पेलू शकते, हा प्रश्न पुढे येतो.

दुसरे विधान प्रकाश हाडापर्यंत पोहोचण्याचे. लहानपणी अंधारात बॅटरीवर बोटे धरून ती लालबुंद झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. पांढऱ्या उजेडातला लाल भागच मांसातून पलीकडे येतो, हे त्यातून दिसते, आणि लाल व त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश उपचारासाठी निवडण्यामागे हेही एक कारण आहे. तीच बॅटरी मनगटाला लावली तर पलीकडे काय दिसते तेही एकदा पाहावे. त्वचेत शिरलेला प्रकाश विखुरतो, रक्त आणि पाणी तो शोषून घेतात, आणि त्याचा मोठा भाग पहिल्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या) लाल प्रकाशापेक्षा ८०८ ते ९०४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो, पण तोही दर सेंटिमीटरला झपाट्याने क्षीण होत जातो. टाचेची किंवा कोपराची कंडरा त्वचेच्या अगदी लगत असते. खुब्याची तशी नसते. काटक बाईच्या खुब्यावर बोट दाबले की हाड चटकन लागते, तर अंगाने भरलेल्या बाईच्या बाबतीत त्याच जागी चरबीचा जाड थर ओलांडावा लागतो. एकच पट्टा, तेवढीच वीस मिनिटे, आणि या दोघींच्या कंडरेला मिळणारा प्रकाश मात्र अजिबात सारखा नाही.

मात्रेचा हिशेब तर संदेशात कुठेच नाही. प्रकाशाची मात्रा ज्यूलमध्ये मोजतात आणि तिचे गणित सोपे आहे: १०० मिलिवॅटचा लेझर एका बिंदूवर ६० सेकंद धरला की ६ ज्यूल ऊर्जा मिळते. माजलगावकडच्या एका मावशींनी साडेतीन हजारांचा पट्टा खोक्यासकट माझ्यासमोर ठेवला होता. खोक्यावर दिव्यांची संख्या होती, तरंगलांबी होती, वॅटही होते. परंतु ते वॅट पट्टा विजेचे किती घेतो त्याचे होते, प्रत्यक्ष प्रकाश किती बाहेर पडतो त्याचे नव्हते. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट प्रकाश पडतो, हा एकच आकडा कामाचा होता आणि नेमका तोच छापलेला नव्हता. त्याशिवाय वीस मिनिटे हा आकडा बाजरी कोणत्या मापाने मोजायची ते न सांगता ‘वीस मापे घाला’ म्हणण्यासारखा आहे.

तिसरे विधान २१ दिवसांत मुळासकट बरे होण्याचे, आणि याच्याच आधाराला ‘आमच्या काकूंना फरक पडला’ असे अनुभव जोडलेले असतात. टेंडनच्या दुखण्यांवर कमी तीव्रतेच्या लेझरचा उपयोग होतो का, यावरच्या २५ नियंत्रित चाचण्यांचा एकत्र आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १२ चाचण्यांत फायदा दिसला. उरलेल्या १३ मध्ये फायदा दिसला नाही किंवा निष्कर्ष काढता आला नाही. जिथे फायदा दिसला तिथे मात्रा शिफारस केलेल्या मर्यादेत होती, हे त्या आढाव्याने आवर्जून नोंदवले. या चाचण्या मुख्यत्वे कोपर, खांदा आणि टाच यांवरच्या आहेत; त्यांचे निकाल खोल बसलेल्या खुब्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. यातून निघणारे प्रामाणिक वाक्य एवढेच की योग्य मात्रेत काहींचे दुखणे काही काळ कमी होऊ शकते. ‘मुळासकट’ हा शब्द त्यात बसत नाही.

मग काकूंना फरक पडला तो खोटा का? मुळीच नाही, पण तो पट्ट्यानेच पडला असे त्यावरून ठरत नाही. ऑस्ट्रेलियात झालेली आणि २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली एक चाचणी इथे फार उपयोगी पडते. त्यात खुब्याच्या कंडरेचे दुखणे असलेल्या २०४ जणांचे तीन गट केले होते: एका गटाला दुखण्याची समजूत आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचे एक इंजेक्शन, आणि तिसऱ्याला थोडा सल्ला देऊन नुसती वाट पाहणे. आठ आठवड्यांनी ‘आता बरेच बरे आहे’ म्हणणारे व्यायामाच्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. वर्षाअखेरीस व्यायामाचा गट ७९ टक्क्यांच्या जवळ आणि इंजेक्शनचा ५८ टक्क्यांवरच राहिला, तर काहीही विशेष न केलेल्यांचा आकडा ५२ टक्क्यांपर्यंत चढला. म्हणजे वाट पाहणाऱ्या दर शंभरांतल्या एकोणतीस जणांना दोन महिन्यांतच आराम वाटला होता. त्या काळात त्यांनी पट्टा बांधला असता, तांब्याचे कडे घातले असते किंवा गुरुवारचे उपवास धरले असते, तरी यश त्याच्याच नावावर जमा झाले असते.

याच आकड्यांनी चौथे विधानही निकालात निघते, आणि माझ्या मते सर्वांत घातक तेच आहे. ‘व्यायाम करू नये’ हा सल्ला ज्या उपायाने सर्वाधिक लोकांना आराम मिळाला त्याच्यापासूनच रुग्णाला दूर नेतो. त्या चाचणीतल्या व्यायामगटाने आठ आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडे १४ फेऱ्या केल्या होत्या आणि घरीही रोज व्यायाम केला होता. एखादा कागद हातात देऊन भागण्यासारखे ते काम नव्हते. व्यायाम पहिल्या आठवड्यात जादू करत नाही हेही सांगितले पाहिजे. २००९ सालच्या एका अभ्यासात महिन्याभराने घरच्या व्यायामाचे यश केवळ ७ टक्के आणि स्टेरॉइड इंजेक्शनचे ७५ टक्के होते. १५ महिन्यांनी व्यायामाचे ८० टक्के झाले आणि इंजेक्शनचे ४८ टक्क्यांवर घसरले. महिन्याभरात व्यायाम सोडून देणारी माणसे मी रोज पाहते, आणि असा संदेश नेमका त्याच वेळी त्यांच्या हातात पडतो.

व्यायामाइतकेच महत्त्व बसण्या-उठण्याला आहे. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे झुकला की कंडरा हाडावर दाबली जाते. आपल्याकडच्या कितीतरी सवयी हेच करतात: लुगडे सावरून दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसणे, कडेवर लेकरू किंवा घागर घेऊन एका खुब्यावर भार देत उभे राहणे, फाट्यावर एसटीची वाट पाहताना एका पायावर रेलणे, जमिनीवर अंथरलेल्या पातळ सतरंजीवर दुखऱ्या कुशीवर झोपणे. माजलगावच्या त्या मावशींना मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या: अंथरुणात दोन वाकळा टाकाव्यात, आणि चांगल्या कुशीवर झोपून गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी. व्यायामाची सुरुवात उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर सावकाश उचलण्यापासून केली. वेचणीच्या दिवसांत त्यांना घरी बसा म्हणणे मला परवडणारे नव्हते आणि त्यांनाही. म्हणून कापसाची ओटी एकाच खुब्यावर लोंबू न देता लवकर लवकर रिकामी करायची, एवढ्यावर आमचे ठरले.

नासाच्या दाव्यात सत्याचा अंश आहे. अंतराळात रोपे वाढवण्यासाठी नासाच्या मदतीने लाल एलईडी दिव्यांवर काम झाले आणि पुढे जखमा भरण्यावर त्यांचे प्रयोग झाले. पण या उपचाराचा उगम त्याआधीचा आहे. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांना लेझर दिलेल्या उंदरांच्या अंगावर केस लवकर उगवलेले दिसले, तिथून हा विषय सुरू झाला. एफडीएविषयी एवढेच की २००२ साली तिने अशा एका लेझरला मनगटातली नस दबण्याच्या दुखण्यासाठी विक्रीची परवानगी दिली. बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणासारखेच हे आहे, अशा स्वरूपाच्या या परवानगीचा अर्थ खुबा बरा होतो असा काढता येत नाही.

‘कितीही वेळ ठेवा’ हेही चूक आहे. या प्रकाशाचा परिणाम मात्रेबरोबर एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि पुढे उलट कमी होतो. लेझरचा झोत डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि कर्करोगाच्या गाठीवर किंवा गरोदरपणात पोटावर तो देऊ नये.

पट्टा घेऊन झालाच असेल तर तो अडगळीत टाका असे मी सांगत नाही. व्यायाम चालू ठेवून वापरला तर माझी हरकत नाही. मात्र दुखणे बाजूला नसून जांघेत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरता गुडघ्याखाली उतरत असेल, ताप असेल, पूर्वी बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेले असेल, किंवा म्हातारे माणूस पडल्यानंतर पायावर भार देऊ शकत नसेल, तर ते कंडरेचे दुखणे नसण्याचीच शक्यता अधिक आहे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे, मणक्यातली नस दबणे आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडणे या तिन्हींत २१ दिवस पट्टा बांधून बसणे म्हणजे तेवढे दिवस एक्स-रे लांबणीवर टाकणे आहे.