नोबेल हुकलं म्हणून बोटं मोडण्याआधी नियम वाचा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आला की 'अमक्याला डावललं' ही ओरड सुरू होते. कधी कधी डावललेलं असतंही. पण बऱ्याचदा घात करते ती तारीख.

गुरुत्वीय लहरींचंच, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचंच घ्या. अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांनी पहिली लहर टिपली १४ सप्टेंबर २०१५ला. खात्री करून घेण्यात काही महिने गेले आणि घोषणा झाली ११ फेब्रुवारी २०१६ला. नोबेलच्या शिफारशींची मुदत ३१ जानेवारी! म्हणजे गाडी हुकली ती अकरा दिवसांनी. लायगोला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं २०१७च्या ऑक्टोबरात. रायनर वाइस आणि किप थॉर्न यांच्यासोबत हा प्रकल्प उभा करणारे रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते, आणि मरणोत्तर नोबेल देत नाहीत. तिसरं नाव बॅरी बॅरिश यांचं लागलं. (त्यांचा हक्क होताच, रखडलेला प्रकल्प त्यांनीच मार्गी लावला.) ड्रेव्हर हयात असते तर चौघांतून तीन निवडताना समितीने काय केलं असतं, देव जाणे.

माझा खरा राग आहे तो या तीनच्या मर्यादेवर. ती नोबेलच्या १८९५च्या मृत्युपत्रात नाही, फाउंडेशनच्या नियमावलीत आहे. मृत्युपत्रात तर 'मागच्या वर्षभरात' मानवजातीचं भलं करणारा असं म्हटलंय. ते कुठे पाळतात? हिग्ज आणि आंग्लेर या भौतिकशास्त्रज्ञांना १९६४च्या कामासाठी २०१३मध्ये दिलं. दात्याचा शब्द सोयीने वाकवायचा आणि आपणच घातलेली मर्यादा मात्र देववाणी मानायची, हे काही पटत नाही. शांततेचं नोबेल संस्थेला चालतं. विज्ञानात अजून एकट्यादुकट्या प्रतिभावंताचीच पूजा. ब्रेकथ्रू या दुसऱ्या विज्ञान पुरस्काराने लायगोचे ३० लाख डॉलर कसे वाटले बघा: १० लाख तिघा संस्थापकांना (ड्रेव्हर तेव्हा हयात होते), उरलेले २० लाख १,०१२ जणांत सारखे. माणशी दोन हजारांच्या आतच आले, पण नाव तर लागलं.

गणितातल्या फील्ड्स पदकाच्या चाळिशीच्या अटीवरही (चाळिशी उलटली की ते मिळत नाही) लोक तुटून पडतात. ती मला पटते. पुढच्या कामाला बळ मिळावं हा फील्ड्सचा हेतूच होता, अट त्यातूनच आली. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स तिच्यात सापडले, हे खरं. चाळिशी गाठली एप्रिल १९९३मध्ये. फर्माच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली त्याच जूनमध्ये, मग तिच्यात भोक निघालं. ते बुजलं सप्टेंबर १९९४मध्ये, आणि जिथे हे पदक देतात ती गणितज्ञांची झ्युरिकची परिषद ऑगस्टमध्येच उरकलेली. पुढची १९९८ला, तेव्हा वय ४५. त्यांना चांदीचं खास मानपत्र दिलं गेलं, पदक नाही. गणितातल्याच आबेल पुरस्काराला वयाची अट नाही. तो त्यांना २०१६मध्ये मिळाला, ६० लाख नॉर्वेजियन क्रोनरचा. फील्ड्सचे असतात १५ हजार कॅनेडियन डॉलर.