‘मागे वळून वाचू नका’ हे मुलांना सांगू नका

परवा ताईने एक मेसेज पाठवला. ‘मुलांना मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवा. मनात उच्चार करू देऊ नका. वाचलेल्या ओळीवर परत जाऊ देऊ नका. केंब्रिजच्या संशोधनानुसार मेंदू शब्दाचं फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर बघतो.’ खाली एका क्लासची जाहिरात. ताई फी भरायला निघाली होती, म्हणून हे लिहितेय.

केंब्रिजचं आधी उरकते. असं संशोधन तिथे झालेलंच नाही. हा मेसेज २००३ पासून फिरतोय आणि केंब्रिजमधल्याच मॅट डेव्हिस या संशोधकाने तेव्हाच तो खोडून काढलाय. शिवाय शब्दातली मधली अक्षरं उलटसुलट करण्याचा तो खेळ इंग्रजीतला. ‘घर’, ‘पाणी’, ‘आई’ यांत मधलं अक्षर आहे कुठे?

खरा राग मला ‘परत जाऊ देऊ नका’चा येतो. भाचा आठवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चाललीय. उताऱ्यात वाक्य होतं, ‘पाऊस थांबला नसता, तर आजोबा निघालेच नसते.’ प्रश्न होता, आजोबा निघाले का? त्याने झटक्यात लिहिलं, ‘नाही.’ मी त्याला बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावलं. ‘निघालेच नसते’पर्यंत गेला, थबकला, बोट मागे ‘थांबला नसता’वर आणलं. ‘म्हणजे पाऊस थांबला होता! मग निघाले की गं मावशी!’ मराठीत क्रियापद शेवटी, नकारही बहुतेकदा तिथेच. शेवट कळल्यावर सुरुवात पुन्हा बघावीच लागते. पोराला तेवढंही करू द्यायचं नाही?

हे माझ्या घरापुरतं नाही. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवाचनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे: वेग खूप वाढवला की समज घटते. डोळ्यांचं मागे जाणं समजायला मदत करतं, आणि मनातला उच्चार बंद पाडला तरी नुकसान समजेचंच.

एक मान्य करते. अक्षर अक्षर लावत वाचणारं मूल वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतं, त्यामुळे वाचनाला ओघ हवाच. पण तो रोज वाचून, शब्द ओळखीचे होऊन येतो, घड्याळ लावून नाही.

ताईला फी भरू नकोस म्हटलंय. आज संध्याकाळी मी आणि भाचा पुढचा उतारा घेऊन बसणार आहोत. अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि परत मागे जायचं, एवढंच ठरलंय.