गटाराचा फोटो टाका आणि निवांत झोपा

गावाचा विकास करायचाय? मग आधी मोबाइल चार्जिंगला लावा. ग्रामसभेची दवंडी कानावर आली तर खिडकी लावून घ्या. तिथं चारचौघांत उभं राहून बोलावं लागतं, वर हजेरीच्या वहीत सही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता अंगठा उमटवला की भागतं. पूर्वी तो अडाणी माणसं उमटवायची, आता शिकलेली उमटवतात.

सुरुवात तुंबलेल्या गटारापासून करा. फोटो शेजाऱ्याच्या दारातला घ्या; आपल्या दारातलं गटार आपणच ओटा पुढं काढून बुजवलंय, ते त्यात यायला नको. खाली लिहा, ‘प्रशासन झोपलंय का?’ प्रशासन म्हणजे नेमकं कोण, या खोलात शिरू नका. तेवढ्यात कुणीतरी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर टाकेल, मागोमाग शंभर केक येतील. रात्री अकरापर्यंत गटार वाहून गेलेलं असेल. ग्रुपवरचं.

एक पथ्य मात्र कडक पाळा: ई-ग्रामस्वराज उघडायचं नाही. २०२० पासून पंचायतींच्या कारभाराचं हे सरकारी संकेतस्थळ सुरू आहे. गावाचा आराखडा काय, पैसा किती आला, कशावर गेला, हे तिथं कुणालाही दिसतं, पासवर्डसुद्धा लागत नाही. एकदा ते पाहिलंत की ‘कोट्यवधी खाल्ले’ असं मोघम लिहिण्यातली मजाच गेली. शिवाय नको ते कळतं. २०२१ ते २०२६ या काळात केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, म्हणजे तुमचं गटार त्यात बसू शकत होतं. पण त्यासाठी ते आराखड्यात हवं होतं, आणि आराखडा ठरतो ग्रामसभेत. आली का पुन्हा तीच कटकट!

आणि तुम्ही गेला नाहीत म्हणून काही अडत नाही. कायद्यानं वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. अख्ख्या कायद्यात इतकी मायेची सोय दुसरी नसेल. झेंडावंदन, जिलेबी, सभा तहकूब. मग एखाद्या दुपारी सात डोकी बसतात, त्यातली चार एकाच वाड्यातली. सूचक काका, अनुमोदक पुतण्या. वाड्यापासून वाड्याच्या गोठ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, सर्वानुमते मंजूर.

आमच्या गावच्या ग्रुपवर चारशेच्या वर माणसं आहेत. गेल्या १५ ऑगस्टला सभेतली डोकी मी स्वतः मोजली: बावीस. तीही जिलेबी संपेपर्यंत. नंतर किती उरली ते सांगता येत नाही, कारण मोजणाराही घरी आला होता. आल्या आल्या त्यानं ग्रुपवर कडक शब्दांत निषेध नोंदवला.

ब्लॉक बसले की लगेच ‘कुणाला विचारून?’ असं टाका, रागावलेले चार चेहरे जोडून. एखादा आगाऊ पोरगा ठरावाच्या पानाचा फोटो टाकेल, तारखेसकट. घाबरू नका. वाचू तर मुळीच नका. अंगठा द्या.