एकच सायकल घ्यायची असेल, तर आधी टायरची जागा पाहावी

कार्यालय, डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या तिन्हींसाठी पुढे सस्पेन्शन (हादरे शोषणारी यंत्रणा) असलेली हायब्रीड, म्हणजे रस्त्यावरच्या आणि डोंगरी सायकलचा मेळ घालणारी सायकल घ्यावी, ही सायकल खरेदीवरच्या एका लेखातील शिफारस मला पटली नाही. स्वस्त सस्पेन्शनने वजन वाढते आणि सिंहगडाच्या चढावर उभे राहून पेडल मारताना ते खाली-वर होत राहिल्याने पायांचा जोर वाया जातो. त्यापेक्षा साधा ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा), डिस्क ब्रेक आणि ४० मिलिमीटर रुंदीचा टायर सहज बसेल अशी फ्रेम असलेली ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबरी रस्ता आणि खडीची वाट दोन्हींवर चालणारी सायकल घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोथरूडहून हिंजवडीला जाताना मी टायरमध्ये हवा जास्त ठेवतो आणि रविवारी पानशेतकडच्या कच्च्या वाटांना निघण्यापूर्वी, अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित आत जाईल इतकी कमी करतो. तेवढ्यानेही खडीवरची पकड सुधारते आणि मनगटांना बसणारे हादरे कमी होतात. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला स्क्रूची भोके आहेत का, हे मात्र दुकानातच वाकून तपासावे. माझ्या पहिल्या सायकलला ती नव्हती, त्यामुळे पावसाळाभर कार्यालयात पोहोचेपर्यंत सदऱ्याच्या पाठीवर चिखलाचा उभा पट्टा उमटलेला असे.