निळी भिंत बीपी उतरवत नाही

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरी यायच्या आदल्या रात्री मावशीने मला एक मेसेज पाठवला. तुम्हालाही तो कधीतरी आला असेल. मथळे बदलून तो फिरतच असतो. सार असं: खोली हेच औषध. पलंगाशेजारी स्नेक प्लांट ठेवा, ते रात्रभर ऑक्सिजन देतं आणि हवेतलं विष शोषतं, नासाने सिद्ध केलंय. भिंती निळ्या रंगवा, बीपी उतरेल. हिरव्या रंगवा, जखम भरेल. खिडकीतून झाड दिसलं की रुग्ण दुप्पट वेगाने बरा होतो. मिठाचा दिवा लावा. रुग्णाला दिवसरात्र अंधाऱ्या, शांत खोलीत पडू द्या. आणि शेवटचा बार: पूर्वी क्षयरोगी नुसत्या हवेशीर इमारतींत बरे व्हायचे, औषधांचं खूळ नंतर आलं, तेव्हा खोली नीट केलीत तर गोळ्या निम्म्या करता येतात.

मावशीचा हेतू चांगलाच होता. मेसेजही सगळा खोटा नाही. जागेचा माणसाच्या बरं होण्यावर परिणाम होतो, हे अकरा रात्री वॉर्डात खुर्चीवर काढल्यावर मला कुणी पटवून द्यायला नको. चीड येते ती याची, की जिथे परिणाम होतो त्या गोष्टी सोडून हा मेसेज नेमका भलतीकडे पैसा आणि आशा घालायला लावतो. म्हणून त्यातल्या प्रत्येक दाव्याला मी एकच प्रश्न विचारला: हे शरीरापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं?

सुरुवात कुंडीपासून. स्नेक प्लांट मूळचं कोरड्या प्रदेशातलं. पाणी वाचवायला ते दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि उजाडल्यावर वापरतं. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो तेव्हा, म्हणजे उजेडातच. रात्री काय आत जातं आणि काय बाहेर येतं यात मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत झालेली आहे. शिवाय स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. त्या हिशेबात कुंडीतली चार पानं भर दुपारीही मोजण्यात येत नाहीत. (याच न्यायाने, रात्री खोलीतली झाडं कार्बन डायऑक्साइड सोडून गुदमरवतात, ही उलटी भीतीही फोल. शेजारी घोरणारा माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतो.)

नासाचा अभ्यास मात्र खरा आहे. १९८९ सालचा, बिल वुल्व्हर्टन यांचा. पण तो झाला लहान, हवाबंद पेट्यांमध्ये. पेटीत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे वायू सोडायचे, झाड ठेवायचं आणि वायू किती कमी झाला ते मोजायचं. अंतराळयानासाठी हा विचार ठीक होता, कारण तिथे खिडकी उघडता येत नाही. घराला फटी असतात, दारं असतात, हवा सतत बदलत असते. कमिंग्ज आणि वेअरिंग या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे घेऊन हिशेब मांडला: इमारतीत नेहमीची हवा जितकी बदलते तितकी सफाई झाडांकडून हवी असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. कमीत कमी आकडा धरला तरी १० बाय १० फुटांच्या खोलीत नव्वदच्या वर कुंड्या. आईला पलंगाऐवजी वाफ्यात झोपवावं लागलं असतं.

आणि हवा खरंच शुद्ध हवी असेल तर खिडकी उघडा. हा सल्ला इतका साधा आहे की तो कुणी फॉरवर्ड करत नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या ८ हॉस्पिटलांतल्या ७० खोल्यांची हवा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजली गेली. दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांमध्ये हेच प्रमाण १२ होतं. त्यातही पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, म्हणजे इथे वाट स्वच्छ दिसते: हवा बदलली की जंतू विरळ होतात आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस वाचतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना जंतूंचं शास्त्र हाताशी नव्हतं, तरी शुश्रूषेच्या नियमांत त्यांनी पहिला मान दिला तो हवेलाच: आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवा, पण रुग्णाला गारठवू नका. खिडकी उघडायला सांगणारे हे दुसरं अर्ध विसरतात.

आता रंग. ऑपरेशन थिएटरमधल्या हिरव्या रंगामुळे जखम भरते, ही समजूत कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमधले सर्जन हॅरी शर्मन पांढऱ्याशुभ्र थिएटरच्या झगमगाटाला वैतागले आणि त्यांनी भिंती आणि फरशी पालकासारख्या हिरव्या करून घेतल्या. रक्ताचा लाल रंग बराच वेळ बघून पांढऱ्यावर नजर टाकली की हिरवट ठसे दिसतात. हिरव्यावर ते विरून जातात. फायदा सर्जनच्या डोळ्यांना. रुग्ण तर भूल दिलेल्या अवस्थेत आडवा असतो, त्याला भिंत दिसतच नाही.

माणसं शांत करणाऱ्या गुलाबी रंगाचीही अशीच एक कथा आहे. १९७९ मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदल कोठडीत एक खोली गुलाबी रंगवली आणि कैदी निवळले, असा बोलबाला झाला. पुढे स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्या नीट तोलून पाहिल्या, तेव्हा फरक सापडला नाही. आरोग्यसेवेतल्या रंगांवरच्या संशोधनाचा २००४ साली मोठा आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्षही कोरडा होता: अमुक रंगाने अमुक आजारावर थेट परिणाम होतो, असं म्हणायला आधार नाही. आवडीचा रंग जरूर लावा. डोळ्यांना बरं वाटणं हीसुद्धा काही फालतू गोष्ट नाही. फक्त बीपीची गोळी चुकवू नका.

निळ्याबद्दल मात्र एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात १९५६ साली वॉर्ड नावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन मिळावं म्हणून अंगणात नेत असत. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक कावीळ झालेलं बाळ दाखवलं: अंग फिकट पडलेलं, पण दुपट्याखाली झाकलेला भाग तेवढा पिवळाच. पुढे तिथेच रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, उतरलेलं आढळलं. यातून १९५८ साली प्रकाशोपचार शास्त्रीय नियतकालिकात पोचला आणि आज जगभर नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्वचेत शिरतो, बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकता येतो. ही झाली वाट. प्रकाश, त्याची तीव्रता, उघडी त्वचा आणि मोजता येणारा रेणू. भिंतीवरचा निळा डिस्टेंपर यातलं काहीच करत नाही. (तान्ह्या बाळाला मात्र घरी स्वतःच्या अंदाजाने उन्हात धरू नका, ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या दिव्याचं.)

खिडकीतलं झाड हा मेसेजमधला सगळ्यांत भक्कम मुद्दा, म्हणून तो फुगवलेला बघून जास्त वाईट वाटलं. रॉजर उलरिक यांचा अभ्यास १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलातल्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, २३ जोड्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. म्हणजे फरक पाऊण दिवसाचा. 'दुप्पट वेग' कुठून आला ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. जखम किती भरली हे तर यात कुणी मोजलंच नव्हतं.

आणि पुढच्या अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत. १९७२ साली एका अभ्यासात बिनखिडकीच्या अतिदक्षता विभागात ४० टक्के रुग्णांना भ्रम झाला, खिडकीवाल्या विभागात १८ टक्के. पण २०११ मध्ये मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या ७८९ रुग्णांचं पाहिलं, तेव्हा खिडकीमुळे निकालात फरक पडलेला दिसला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. बेशुद्ध माणसाला खिडकी काय उपयोगाची? जो जागा आहे, दुखतंय, वेळ जात नाही, त्याला ती उपयोगाची. एका अर्थाने खिडकी हा दुखण्याकडून लक्ष काढून घेण्याचा आणि दिवस-रात्र कळण्याचा मार्ग आहे. एवढं पुरेसं नाही का? त्याला चमत्कार कशाला चिकटवायचा?

मिठाचा दिवा: दिसायला छान. औषधी गुण शून्य. पुढे.

अंधारी, शांत खोली. यातला 'शांत' अगदी खरा आणि 'अंधारी' अर्धा चूक. गोंगाटाचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी जगभरची मोजमापं एकत्र मांडली, तेव्हा हॉस्पिटलातला रात्रीचा आवाज १९६० मधल्या ४२ डेसिबलवरून ६० वर गेलेला दिसला. साठ म्हणजे समोरासमोर बसून गप्पा मारण्याइतका, आणि तो रात्री. आईच्या वॉर्डात शेजारच्या खाटेचा मॉनिटर पहाटे तीनला कुंई-कुंई करत होता. सिस्टर आल्या, बटण दाबलं, गेल्या, परत कुंई-कुंई. बोटाला लावलेली क्लिप निसटली होती, एवढंच. त्या रात्री वॉर्डातल्या सगळ्यांची झोप मोडली. आवाज गिळणारं छत, न खडखडणाऱ्या चाकांच्या ट्रॉल्या, अलार्म थेट सिस्टरकडे पोचवण्याची सोय, ही खरी डिझाइनची कामं. फोटोत दिसत नाहीत म्हणून त्यांचा मेसेज होत नाही.

अंधार मात्र रात्रीच हवा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघण्यापेक्षा उजेड मोजून मेंदूतल्या घड्याळाला वेळ सांगतात. दिवसभर पडदे ओढून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं घड्याळ सैल होतं: दुपारी गुंगी, रात्री टक्क जाग, आणि मग हळूहळू बरळणं. शॅरन इनूये यांच्या गटाने १९९९ मध्ये सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर जे करून पाहिलं ते ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं: तारीख-वार सांगत राहणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, लवकर चालतं करणं, पाणी पाजणं, रात्री झोपमोड न करणं. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं.

उरला शेवटचा बार, आणि तोच घातक आहे. क्षयरोगाची आरोग्यधामं सुंदर होती, यात वाद नाही. फिनलंडमधलं पाइमिओचं आरोग्यधाम १९३३ साली पुरं झालं. आल्वार आणि आइनो आल्टो या वास्तुकार दांपत्याने तिथे पडून राहणाऱ्याच्या नजरेने खोली आखली: छताला गडद, निवांत रंग, दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, आणि हात धुताना पाण्याचा आवाज होऊन शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून खास उताराची बेसिन. पण अशा इमारतींत माणसं मरतच होती. इमारत त्रास कमी करत होती, जंतू मारत नव्हती. याचा पुरावा १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत आहे. १०७ रुग्ण, एका गटाला फक्त हॉस्पिटलातली विश्रांती, दुसऱ्याला विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन. सहा महिन्यांत विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४ दगावले, औषधवाल्या ५५ पैकी ४. पुढे या एकट्या औषधाला जंतू सरावले, म्हणून औषधं जोडीने द्यायला लागले. क्षयाच्या गोळ्या मनाने निम्म्या करणं म्हणजे जंतूला तेच शिक्षण परत देणं.

सगळ्यात नवल याचं की मेसेजमध्ये फरशीबद्दल चकार शब्द नाही. आई पडली ती रात्री बाथरूमला जाताना, अंधारात, घसरणाऱ्या पायपुसण्यावरून. न्यूझीलंडमध्ये ८४२ घरांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: जिन्याला कठडे, बाथरूममध्ये धरायला दांड्या, बाहेर पुरेसा उजेड, पायऱ्यांच्या कडा ठळक, न घसरणाऱ्या चटया. एवढ्यावर पडून होणाऱ्या दुखापती वर्षाला २६ टक्क्यांनी कमी झाल्या. सुतार-प्लंबरचं एका दिवसाचं काम.

तर आता आईच्या खोलीत कमोडशेजारी दांडी आहे, पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी मंद पिवळा दिवा आहे, पायपुसणं गेलं. सकाळी पडदे मी उघडतो, रात्री तीच ओढून घ्यायला सांगते. भिंती होत्या त्याच रंगाच्या. मावशीने आणलेलं स्नेक प्लांटही आहे, पलंगाशेजारी नाही, समोरच्या खिडकीत ठेवलंय. आई रोज वॉकर घेऊन तिथपर्यंत जाते आणि त्याला पाणी घालते. फार घालते, ते झाड बहुधा कुजणार.