‘कोमट, गॅस गेलेली, शिळी’: इंग्लिश बिटरवरचे आरोप

ब्रूपबच्या, म्हणजे स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या पबच्या, फळ्यावर कुठे ‘इंग्लिश बिटर’ ही तांबूस इंग्रजी बिअर दिसली, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. “ही घेऊ नका. टाकीच्या तळाला उरलेली, गॅस गेलेली बिअर कोमट करून गळ्यात मारतात. इंग्रजांकडे फ्रिज नव्हते म्हणून ते तसली प्यायचे. वर कडूजहर, आणि चार टक्क्यांत चढतही नाही.” बिटर मला आवडते, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

फ्रिजचा मुद्दा सगळ्यात लंगडा. इंग्लंडच्या पबमध्ये शेजारच्याच नळातून थंडगार लागर, म्हणजे आपल्याकडे नेहमी मिळते तसली फिकट पिवळी बिअर, मिळते. १९८०चं दशक संपेतो तिचा खप तिथेही एलच्या, म्हणजे बिटर ज्यात मोडते त्या प्रकारच्या बिअरच्या, पुढे गेला होता. तरी त्याच पबच्या तळघरात बिटरचं पिंप ११ ते १३ अंशांवर ठेवतात, तेही मुद्दाम. याला कोमट म्हणायचं? एप्रिलात पुण्यात नळाचं पाणी याच्या दुप्पट गरम असतं. फ्रिजच्या पाण्याला चटावलेल्या माणसाला माठातलं पाणी गरम लागतं, त्यातलाच हा प्रकार. बर्फगार बिअरने जीभ बधिर होते आणि वास उठत नाही. बिटरमध्ये यीस्टने आणलेला फळांचा हलका वास हीच तर गंमत असते.

‘गॅस गेलेली’ हेही चूक. गॅस मुळातच कमी असतो. पारंपरिक बिटर पिंपात जिवंत यीस्टसकट भरतात, तिथे ती पुन्हा थोडी आंबते आणि स्वतःचा गॅस स्वतः तयार करते. जादा झालेला गॅस पिंपाच्या तोंडावरच्या लाकडी खुंटीतून सोडून देतात. उरतो तो बिअरच्या आकारमानाच्या जेमतेम सव्वापट. लागरमध्ये तो अडीचपटीच्या आसपास असतो. मग ती हातपंपाने ओढून ग्लासात घेतात. जोसेफ ब्रामाने अशा पंपाचं पेटंट १७९७ साली घेतलं होतं. १९७०च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत मोडीत काढून सगळीकडे फसफसती केग बिअर (यीस्ट काढून, बंद पिंपात बाहेरून गॅस भरलेली) आणायला घेतली, तेव्हा १९७१ साली गिऱ्हाइकांनीच ‘काम्रा’ नावाची संघटना काढून विरोध केला. फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकांनी ‘आम्हाला तशीच फसवा’ म्हणून चळवळ केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिळेपणाच्या आरोपात मात्र तथ्याचा अंश आहे. पंपाने जेवढी बिअर ओढली जाते, तेवढी हवा पिंपात शिरते. म्हणून उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं. नाही संपलं तर ती खरोखरच मिळमिळीत आणि आंबट होते. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर खुशाल ग्लास परत करा. पण आपल्याकडे मी जिथे जिथे प्यायलो, तिथे बिटर स्टीलच्या टाकीतून, गॅसच्या दाबाखाली आणि लागरइतकीच गार येते. म्हणजे माझी तक्रार नेमकी उलटी आहे: ती फार थंड असते! दहा मिनिटं तशीच ठेवायची. ग्लासावरचं दव ओसरतं, तांब्याचा रंग स्वच्छ दिसू लागतो, आणि मघाशी नुसती गार लागलेली बिअर भाजलेल्या बिस्किटासारखी, टॉफीसारखी लागते. संत्र्याच्या सालीचा बारीक वास येतो. कडवटपणा येतो तो घोट गिळल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला, आणि तोंड कोरडं करून जातो. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्यामुळेच.

कडूजहर? बिटरचा कडवटपणा आयबीयूच्या, म्हणजे बिअरचा कडूपणा मोजायच्या एककाच्या, मापात साधारण २५ ते ४०. अमेरिकन आयपीए ही एल ४० ते ७० असते, आणि ती कौतुकाने पिणारेच हा मजकूर पुढे ढकलतात.

राहिलं चढण्याचं. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला ब्रिटिश सरकारने बिअर सौम्य करायला लावली आणि तिचा जुना जोर पुन्हा कधी आला नाही. पबमध्ये गप्पा मारत तीन-चार ग्लास रिचवायची पद्धत या सौम्य बिअरवरच चालते. लंडन प्राइडसारखी नावाजलेली बिटरही पिंपातून ४.१ टक्क्यांचीच येते. ज्यांना पहिल्याच ग्लासात विमान हवं, त्यांच्यासाठी आठ टक्क्यांची स्ट्राँग कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये आहेच, तीही ब्रूपबपेक्षा पुष्कळ स्वस्त.