कीबोर्डचे लिनिअर स्विच घेताना घर्षण आधी बघा
स्प्रिंग जितकी हलकी तितका स्विच गुळगुळीत, हे लिनिअर स्विचांवरच्या (म्हणजे दाबताना मधे टक न लागता सरळ खाली जाणाऱ्या स्विचांवरच्या) लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड स्विचला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो, ब्लॅकला ६०. दोन्ही २ मिलिमीटरवर बटण दाबल्याची नोंद देतात आणि पूर्ण ४ मिलिमीटर खाली जातात. फरक स्प्रिंगचा. खरखर येते ती स्टेम (दाबल्यावर खाली सरकणारा दांडा) आणि हाउसिंग (त्याभोवतीचं कवच) एकमेकांवर घासतात त्यातून. ती पारखायची तर कीकॅपच्या (बटणावरच्या टोपीच्या) कडेवर बोट ठेवून अगदी सावकाश दाबा. मधोमध झटकन दाबलं तर कुठलाही स्विच बराच वाटतो. शिवाय फार हलक्या स्विचवर बोटं नुसती टेकली तरी अक्षरं उमटतात, दिवसभर टायपिंग करणाऱ्यांना हा त्रास मोठा.

ल्यूबबद्दल, म्हणजे स्विचच्या वंगणाबद्दल, लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० या ग्रीसचा पातळ हात स्टेमच्या कडांवर आणि हाउसिंगच्या खाचांत फिरवला की साधा स्विचही बदलून जातो. जास्त झालं तर मात्र बटण जड, सुस्त वर येतं. एवढा खटाटोप नको असेल तर कारखान्यातूनच ल्यूब केलेले घ्या. हॉट-स्वॅप (सोल्डरिंगशिवाय स्विच बदलता येणारा) बोर्ड असेल तर आधी दोन-चारच लावून बघा.